ओळखीची राखण : तोतया, निशाणी आणि अंगठा

प्रास्ताविक

दुसऱ्याच्या नावाने वावरून त्याचा पैसा, मान किंवा अधिकार लाटणे हा गुन्हा संगणकाने जन्मास घातला, असा समज अलीकडे रूढ होत चालला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ साली दुरुस्ती होऊन कलम ६६-सी समाविष्ट झाले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा तत्सम ओळखचिन्ह लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. त्यामुळे ‘ओळखचोरी’ हा शब्द नवा वाटतो. परंतु १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४१६ होतेच आणि त्याचे मराठी रूप ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ असे होते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तेव्हा हा गुन्हा कलम ३१९ मध्ये गेला. मराठी कायद्याला ‘तोतया’ हा शब्द शोधण्यासाठी फार दूर जावे लागले नाही. अठराव्या शतकातील पुण्याने तो चांगलाच अनुभवला होता.

प्रस्तुत लेखात ओळख चोरीला कशी जात असे यापेक्षा ती कशी राखली जात असे, याचा मागोवा घ्यावयाचा आहे. मराठीत ‘ओळख’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, माणसामाणसांतील परिचय. दुसरा, अमुक व्यक्ती तीच होय याची खूण. हे दोन अर्थ एकमेकांपासून जसजसे दुरावत गेले तसतशी चोरीला वाट मिळत गेली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पानिपतावरील प्रेत आणि पुण्यातील तोतया

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत येथे सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या प्रेताच्या ओळखीचा प्रसंग काशिराज पंडिताने आपल्या फारसी वृत्तांतात नोंदविला आहे. हा काशिराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. शिर नसलेले एक धड सापडले, ते भाऊंचेच कशावरून? वृत्तांतात खुणा दिल्या आहेत त्या अशा : मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफ्फरखानाच्या कट्यारीच्या वाराचा व्रण, पायावर सामुद्रिकात शुभ मानलेल्या रेषा आणि गुडघ्यांवर व हातांवर पडलेले घट्टे. भाऊ रोज बाराशे नमस्कार घालीत असत ही गोष्ट सर्वश्रुत होती, त्यामुळे घट्ट्यांचा अर्थ लावणे सोपे गेले. शिर मागाहून मिळाले.

ही यादी बारकाईने पाहण्यासारखी आहे. डाग जन्माचा, व्रण एका प्रसंगाचा, तर घट्टे सवयीचे. माणसाचे शरीर त्याचे चरित्र कसे वागवीत असते, हे यावरून ध्यानात येते. परंतु शरीरावरील खूण स्वतःहून काहीच बोलत नाही. मांडीवरील डाग भाऊंचाच होय, हे सांगण्यास तो पूर्वी पाहिलेला माणूस तेथे हजर असावा लागतो. वृत्तांत घटनेनंतर काही वर्षांनी लिहिलेला आहे, तेव्हा तपशील सावधपणे घेणे योग्य. तरीही ओळख पटविण्याची त्या काळची रीत त्यातून स्पष्ट होते.

पुण्यास मात्र प्रेत पोहोचले नाही, वार्ता तेवढी पोहोचली. वार्तेवर विश्वास ठेवणे न ठेवणे माणसाच्या हाती असते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून परत आल्या. पती गेल्याचे त्यांनी मान्य केले नाही आणि १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. अशी वाट पाहणारे घर असले म्हणजे त्या घराच्या दाराशी कोणीतरी येऊन उभे राहतेच.

उत्तरेत भाऊंशी साम्य असलेला एक कनोजी ब्राह्मण पुढे आला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे मराठी वाचक त्याला सुखनिधान या नावाने ओळखतात. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी होऊन तो तोतया ठरला व किल्ल्यावर कैदेत पडला. वस्तुतः प्रकरण येथेच संपावयास हवे होते. ते संपले नाही, याचे कारण तोतयाच्या चेहऱ्यात नसून पुण्याच्या राजकारणात होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढील वर्षी जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने बारभाई कारभार पाहू लागले आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले. या गोंधळात १७७६ च्या आरंभी रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने आपल्या ताब्यातील या कैद्यास बंधमुक्त केले आणि ‘हेच भाऊसाहेब’ म्हणून त्यास पुढे केले. कोकणातील अनेक किल्ले त्याच्या ताब्यात गेले आणि हजारोंची फौज जमली.

या फौजेतील प्रत्येकाची फसवणूकच झाली होती, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. ज्यास बारभाई नकोत त्यास भाऊसाहेब हवेतच. तोतया खरा आहे काय, हा प्रश्न विचारण्यात ज्याचे नुकसान आहे तो तो प्रश्न विचारीत नाही. आजच्या फसवणुकीतही ‘बँकेतून बोलतो’ असे सांगणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा ऐकणाऱ्याची भीती अथवा आशा अधिक काम करून जाते.

महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी बंडाचा मोड केला. तोतया मुंबईकडे निघाला असता कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्यास धरून पुण्याच्या स्वाधीन केले. तेथे रामशास्त्री प्रभुण्यांसारख्यांच्या समक्ष पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्यास देहांत शिक्षा देण्यात आली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाना फडणीस व महादजी हे दोघेही पानिपताहून जिवंत परतलेले. दोघांनीही भाऊंना जवळून पाहिलेले होते. एकदा तोतया ठरलेल्या माणसास केवळ जुन्या निकालाच्या जोरावर न संपविता त्याची चौकशी पुन्हा करावी लागली, याचा अर्थ निकालाचा कागद लोकांच्या मनातून शंका काढू शकत नव्हता. ते काम ओळखणाऱ्या माणसांनाच करावे लागले.

नांगराची निशाणी

भाऊंसारख्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ओळखणारे शेकडो. सामान्य कुणब्याची ओळख कोण राखीत असे? यासाठी तत्कालीन कागदपत्रांकडे वळावे लागते.

शिवकाळापासून मराठी राजपत्रांच्या रचनेत कागदाच्या चोरीविरुद्ध केलेली तजवीज दिसते. वर मुख्य मुद्रा आणि शेवटी मर्यादामुद्रा असे. पेशवाईत शेवटच्या छोट्या शिक्क्यावर ‘लेखनसीमा’ ही अक्षरे असत. मजकूर येथे संपला, याखाली कोणी ओळ वाढविल्यास ती आमची नव्हे, एवढे सांगणे हे त्याचे काम. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असे, म्हणून पाठीमागे जोडावर शिक्का मारीत, जेणेकरून मधला तुकडा बदलता येऊ नये. दप्तरात नोंद झाल्याचे शेरे पडत ते वेगळेच. अस्सल कागद हरवला अथवा त्यात फेरफार झाला, तर दप्तर बोलत असे. नारायणरावांच्या खुनासंबंधीची ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. तिचे खरेखोटेपण येथे बाजूस ठेवू. लेखनसीमा शेवट राखते, मधले अक्षर राखत नाही, ही त्या व्यवस्थेतील उणीव लोकांना पक्की माहीत होती, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते.

गावपातळीवरील महजर पाहिले असता आणखी एक मौज दिसते. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असते. इतर बलुतेदारही आपापल्या धंद्याच्या अवजाराची खूण काढीत. आता नांगर हा पाटीलकीचा आहे, अमुक पाटलाचा नव्हे. चार रेघा ओढल्या की तो कोणासही काढता येतो. आजच्या दृष्टीने पाहिले तर याहून दुबळी सही दुसरी नसेल. मग तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची वतने कशी उभी राहिली?

याचे उत्तर निशाणीत नसून तिच्या भोवतालच्या माणसांत आहे. निशाणी गोतसभेत, सर्वांदेखत होई. पाटलाने नांगर काढला हे कुलकर्णी, चौगुला, शेजारगावचे पाटील आणि बलुतेदार पाहत, आणि त्यांची नावे त्याच कागदावर येत. निशाणी चोरणे सोपे होते, पण सगळे गोत चोरणे अवघड. खोटे महजर झाले नाहीत असे नव्हे; वतनाच्या भांडणांत बनावट कागदांच्या तक्रारी विपुल आढळतात. कागद व साक्षी दोन्ही अडले तर प्रकरण दिव्यावर जाई. परंतु खोटा कागद करणाऱ्यास खोटे गोतही उभे करावे लागे, ही अडचण खरी होती.

या व्यवस्थेचा गौरव करताना तिची किंमतही सांगितली पाहिजे. गोत ज्याला ओळखते त्यालाच ओळख. परगावचा मजूर, गाव सोडून आलेली विधवा, वेशीबाहेर ठेवलेली माणसे यांच्या बाजूने ‘मी यास ओळखतो’ असे कोण म्हणणार? गोताची साक्ष हे संरक्षण होते तसेच ते कुंपणही होते. पुढे आलेल्या परक्या, कोरड्या पद्धतीचे काहींनी स्वागत केले असेल तर त्याचे कारण येथे शोधावे लागेल.

हुगळीचा अंगठा

इंग्रजी अंमलदारास गावातील कोणीच ओळखीचे नव्हते, आणि जे ओळखत होते त्यांच्यावर त्याचा विश्वास नव्हता. त्यामुळे ओळख साक्षीदाराकडून काढून घेऊन थेट शरीरावर ठेवण्याचा प्रयत्न सुरू झाला, आणि तो विलायतेत नव्हे, बंगालमध्ये झाला. १८५८ मध्ये जंगीपूर येथील अधिकारी विल्यम हर्शेल याने रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. उद्या ‘ही सही माझी नव्हे’ असे त्याने म्हणू नये, एवढाच त्या वेळी हेतू होता. १८७७ मध्ये हुगळी येथे हर्शेलने बोटांच्या ठशांचा उपयोग दस्तनोंदणी, तुरुंग आणि निवृत्तिवेतन या तीन ठिकाणी केला. निवृत्तिवेतनाचे कारण विशेष बोलके आहे. वेतनधारक वारल्यानंतरही त्याच्या नावाने दुसरेच कोणी येऊन पैसे उचलीत असे. ठसे रुळले ते अशा घरगुती तोतयांच्या बंदोबस्तासाठी, हे आपण बहुधा विसरतो आणि बोटांचा ठसा म्हटला की खुनाचा तपासच आठवतो.

१८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. ठशांचे वर्गीकरण एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेले. त्यामागील गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन एतद्देशीय कर्मचाऱ्यांचे होते. ओळख जपणाऱ्या शास्त्रानेच आपल्या कर्त्यांची नावे गाळावीत, हे विचित्र खरे. १८९९ च्या दुरुस्तीने बोटांच्या ठशांविषयीचे तज्ज्ञांचे मत पुराव्याच्या कायद्यात ग्राह्य झाले. पुढे ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ हे शब्द मराठी कागदांत रुळले, आणि त्यातूनच ‘अंगठेबहाद्दर’ ही कुचेष्टाही आली. नांगर काढणाऱ्या पाटलास कोणी हिणवीत नसे. त्याचा नांगर पदाची खूण होता. अंगठा उठविणारा मात्र निरक्षर ठरला. जी खूण साहेबाच्या दृष्टीने सहीपेक्षा पक्की होती, तीच समाजाच्या दृष्टीने सहीपेक्षा हलकी झाली.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. अंगठ्याने जात विचारली नाही. ज्याच्या बाजूने गोत उभे राहणार नाही त्याच्याही बाजूने त्याचे बोट उभे राहू शकत होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात आधारचे पहिले क्रमांक देण्यात आले. दहा बोटे, दोन डोळे आणि एक छायाचित्र घेऊन बारा अंकी क्रमांक देणारी ही योजना हर्शेलच्या वाटेवरच पुढे गेलेली आहे. ज्यांच्यापाशी एकही कागद नव्हता त्यांना पहिला कागद मिळाला, ही बाब तिच्या टीकाकारांनीही नाकारू नये.

खरेदीखतावरून उचललेला ठसा

हर्शेलला न सुचलेली गोष्ट आपल्या काळात घडली. २००१ च्या दुरुस्तीने नोंदणी अधिनियमात कलम ३२-अ आले व खरेदीखतावर पक्षकारांचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे बंधनकारक झाले. हेतू तोतयास रोखण्याचा, म्हणजे दुसऱ्याची जमीन आपली म्हणून विकणाऱ्यास अडविण्याचा. पुढे दस्त संगणकावर आले व काही राज्यांत ते संकेतस्थळावर कोणासही पाहता येऊ लागले. तेलंगणात २०१८ मध्ये अशा दस्तांवरील ठशांवरून रबरी ठसे बनवून दुसऱ्यांच्या नावे सिमकार्डे चालू केल्याचे प्रकरण उघडकीस आले. कर्नाटकात २०२३ मध्ये अशाच दस्तांतील ठसे व आधार क्रमांक वापरून लोकांच्या बँक खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी झाल्या. हे पैसे आधार-आधारित पेमेंट व्यवस्थेतून काढले जात. तिच्यात बँकेचे नाव, आधार क्रमांक व बोट एवढेच पुरेसे असते. कार्ड नको, पिन नको, मोबाइलवर येणारा ओटीपीही नको. दूरच्या खेड्यातील वृद्धेस गावातच पैसे मिळावेत म्हणून केलेली ही सोय. खात्याला अशी सोय जोडलेली आहे हे अनेकांना पैसे गेल्यावरच कळले.

१८७७ मध्ये हुगळीच्या नोंदणी कार्यालयात तोतयाविरुद्ध आणलेले साधन नोंदणी कार्यालयाच्याच कागदावरून तोतयाच्या हाती गेले. पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो, शिक्का हरवला तर नवा कोरता येतो. बोट बदलता येत नाही. शरीराची खूण ही सर्वांत पक्की खूण खरी, परंतु तिची प्रत निघाली की त्याच पक्केपणामुळे ती सर्वांत घातक ठरते. त्यातही ओळखणारा माणूस मधून गेलेला. पानिपतावर डाग पाहणारा कोणी तरी होता. पैसे देणारे यंत्र बोट जिवंत माणसाचे की रबराचे, एवढेही ज्या ठिकाणी पाहत नव्हते त्या ठिकाणी ही चोरी झाली.

यावर उपाय निघाले आहेत आणि ते वापरणे कठीण नाही. आधारधारकास आपले ठसे व बुबुळांची नोंद प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा अॅपवरून कुलूपबंद करता येते. गरज पडेल तेव्हा थोड्या वेळापुरती ती उघडावी. २०१८ पासून मूळ क्रमांकाऐवजी सोळा अंकी आभासी क्रमांक देता येतो. शेवटचे चार अंक वगळून बाकीचे झाकलेले आधारपत्रही मिळते, आणि ज्या ठिकाणी केवळ ओळख दाखवावयाची आहे तेथे ते बहुधा पुरते. खात्यातून न कळत पैसे गेल्यास बँकेस लेखी कळविणे व १९३० या क्रमांकावर तक्रार करणे यात दिवस दवडू नये. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात, बँक व ग्राहक या दोहोंचाही दोष नसता तिसऱ्याकडून फसवणूक झाल्यास आणि तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भार पडू नये, असे तत्त्व घालून दिले होते. वेळेचे महत्त्व त्यावरून कळते.

परंतु प्राध्यापकवर्गाने विचार करावा अशी गोष्ट याहून जवळची आहे. काही वर्षांपूर्वी एस.टी. स्थानकाबाहेर घेतलेल्या शेंगदाण्यांची पुडी सोडली तेव्हा आतील कागद एका महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज निघाला. मुलीचे छायाचित्र, सही, जन्मतारीख, आधार क्रमांक, वडिलांचा मोबाइल क्रमांक, सारे शाबूत. महाविद्यालय कोणते ते सांगण्याचे प्रयोजन नाही. आपल्यापैकी कोणाचेही असू शकले असते. प्रत्येक प्रवेशास, प्रत्येक शिष्यवृत्तीस आधारची झेरॉक्स आपण मागतो. ती कोणासाठी, किती दिवस ठेवावयाची आणि मागाहून तिचे काय करावयाचे, हे बहुतेक कार्यालयांत ठरलेले नसते. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण अधिनियम संगणकीय स्वरूपातील माहितीसाठी आहे; रद्दीत गेलेला गठ्ठा त्याच्या कक्षेत सहजी येत नाही. पेशवे दप्तराच्या कारकुनास कागद केव्हा रुजू झाला हे सांगता येत असे. आपल्या कपाटांतील गठ्ठ्यांविषयी आपल्यास तेवढेही सांगता येईल काय, याची शंका वाटते.

ती पुडी मी महाविद्यालयात नेऊन आमच्या वरिष्ठ लिपिकांस दाखविली. ते फारसे काही बोलले नाहीत. त्या वर्षीच्या प्रवेशांपासून मात्र खिडकीशी एक सूचना लागली आणि दोरीने बांधलेले एक पेनही आले. आता विद्यार्थी झेरॉक्सवर, छायाचित्र व क्रमांक यांवरून जाईल अशी तिरपी रेघ ओढून, ‘केवळ प्रथम वर्ष प्रवेशासाठी’ असे लिहितात, खाली तारीख घालतात व सही करतात. पूर्वीचे अर्ज अजून कपाटात आहेत. ते कोणाच्या परवानगीने नष्ट करावयाचे, याविषयीचा पत्रव्यवहार चालू आहे.